पासिंगच्या आदल्या दिवशी

अण्णा, तुम्ही गेलात त्याला एकतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण भांडले कधी नाही. आज कागद घेऊन भांडायला बसले आहे. कारण झालं तुमच्या जावयांच्या गाडीचं. ती मी मागच्या महिन्यात विकली, आणि विकायच्या आधी जे केलं ते पोराला सांगितलेलं नाही, शेजारीपाजारी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही डिझेलचे मिस्त्री, धुरातलं तुम्हाला जेवढं कळत होतं तेवढं या गावात फार थोड्यांना कळत असेल. आणि दुसरं कारण असं की यात तुम्हीही आहात.

तुमच्या जावयांनी सगळी नोकरी विजेच्या खांबांवर चढून काढली. रिटायर झाले आणि आलेल्या पैशातून त्यांनी एकच हौस केली, डिझेलची गाडी घेतली. परदेशी कंपनीची. शोरूममधल्या माणसानं गाडी चालू करून मागच्या नळीला पांढरा रुमाल धरला, पाच मिनिटं धरला, आणि उलगडून दाखवला. डाग नाही. तुमचे जावई तो रुमाल जन्मभर विसरले नाहीत. येईल त्याला सांगायचे, कॉलनीतल्या ओट्यावर सांगायचे, लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगायचे. मला म्हणायचे, "तुझ्या अण्णांच्या टायमाला स्क्रू होता. आता कम्प्युटर हाय. कम्प्युटरला चहा पाजता येत न्हाय." तुमच्याबद्दल ते वाईट कधी बोलले नाहीत, पण तुमच्या शेडमध्ये काय चालायचं ते मीच त्यांना लग्नानंतर सांगितलं होतं, हसत हसत. तेव्हा ती मला गंमत वाटायची.

मग पेपरात बातमी आली. त्या कंपनीनं धुराच्या तपासणीत जगभर लाखो लोकांना फसवलं होतं. यांनी ती बातमी वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि दारात जाऊन गाडीची काच पुसत बसले. पुसलेलीच काच परत पुसली. "आपली यात नसंल," म्हणाले. पुढं काही महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. जाड गुळगुळीत कागद. आम्ही स्वेच्छेने आपल्या गाडीचं सॉफ्टवेअर बदलून देत आहोत, त्याला खर्च नाही, अर्धा तास लागेल, आपल्या विश्वासाबद्दल आभार. चूक झाली, असं त्यात कुठंही नव्हतं. मी ते पत्र तीनदा वाचलं, एखादं वाक्य सुटलं असेल म्हणून. यांनी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिकडून कुणी म्हणालं, करून घ्या साहेब, पण नंतर ॲव्हरेज पडतं, गाडी ओढत नाही असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही, लोक म्हणतात. यांनी पत्र गाडीच्या पुढच्या कप्प्यात टाकलं आणि "बघू" म्हणाले. त्यानंतर दुसरं पत्र आलं, तिसरं आलं. सगळी त्याच कप्प्यात गेली. रुमालाची गोष्ट मात्र त्या दिवसापासून बंद झाली. कुणी मुद्दाम विचारलं, "काय म्हणतीय तुमची परदेशी?" तर हे विषय बदलायचे. फसवलं कंपनीनं आणि लाज वाटली यांना. चोरी करणारा दूर कुठंतरी गार खोलीत बसलेला, आणि ज्याच्या घरी चोरीचा माल निघाला तो मान खाली घालून फिरतोय, असं ते झालं. चार वर्षांपूर्वी हे गेले. पाच दिवस दवाखान्यात होते, त्यातल्या एकाही दिवशी त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही, आणि पोरापेक्षा जास्त त्यांनी तिला जपलं होतं.

त्या कंपनीनं नेमकं काय केलं होतं, ते मी वाचनालयात बसून समजून घेतलं. सातवी शिकलेल्या बाईला जेवढं कळेल तेवढं. मासिकं वाचली, अडलेला शब्द वहीत उतरवून घेतला, परत वाचलं. ते असं आहे, अण्णा. गाडी तपासायला नेतात तेव्हा ती जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर उभी करतात. चाकं फिरतात, पण गाडी कुठं जात नाही, म्हणून स्टेअरिंग हलत नाही. गाडीतल्या कम्प्युटरला तेवढं पुरे होतं. चाकं फिरतायत आणि स्टेअरिंग हलत नाही, म्हणजे ही परीक्षा आहे. मग गाडी शहाण्यासारखी वागायची, विषारी वायू आवरून धरायची. बाहेर रस्त्यावर आली, पहिलं वळण घेतलं, की मोकळी. कागदावर लिहिलेल्यापेक्षा कितीतरी पट जास्त सोडायची. आणि त्या वायूला ना रंग, ना काजळी. रुमालावर त्याचा डाग पडतच नाही. आपल्याकडं पीयूसीवाला नळी घालतो, ॲक्सिलेटर दाबतो, तोही फक्त धूर मोजतो. तो वायू श्वासाच्या नळ्या सुजवतो, लहान पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या आधी.

हे वाचताना मी वाचनालयाच्या बाकावर होते आणि मला एकदम तुमची शेड दिसली. अक्कलकोट रोडची पत्र्याची शेड, बाहेर रांगेनं ट्रक. मी दहा वर्षांची आहे, हातात बॅटरी आहे. तुम्ही पालथे होऊन इंजिनात डोकं घातलं आहे. वरून ट्रकवाला म्हणतोय, "अण्णा, उद्या आरटीओचं पासिंग हाय. धूर तेवढा गप करा." तुम्ही आतूनच म्हणता, "गप करतो. पर माल भरून तुळजापूरचा घाट चढू नगं. गाडी रडंल." "आन् परवा?" "परवा ये की. परत जिवंत करून देतो." मी बॅटरी धरते. डिझेलच्या पंपाला बाजूला एक बारका स्क्रू, त्याच्यावर तार आणि शिशाचं सील. तुम्ही सील तोडता, स्क्रू अर्धा आटा फिरवता, नवी तार ओवता, नवं सील पकडीनं दाबता. ती सीलची पकड तुमच्याकडं कुठून आली होती ते मी कधी विचारलं नाही. डिझेल कमी जायचं, धूर गप बसायचा, ट्रक पास व्हायचा. तिसऱ्या दिवशी तोच ट्रक परत दारात, तोच स्क्रू, अर्धा आटा उलटा, आणि काळा लोट सोडत ट्रक निघून जायचा. गावातले सगळे मिस्त्री हेच करायचे. तुमचा हात फक्त जास्त चांगला होता.

त्या कंपनीनं दुसरं काय केलं? तुम्ही तोच स्क्रू पासिंगच्या आदल्या दिवशी फिरवायचा, त्यांनी तो आपोआप फिरेल असा बसवला. एवढाच फरक. मी बाकावर बसून तुमची बाजू मांडायचा प्रयत्न केला. तुम्ही गरीब होता. ट्रकवालाही नडलेला होता, धूर न सोडता त्याची जुनी गाडी माल ओढत नव्हती. तुम्ही कुणाला रुमाल दाखवून गाडी विकली नाही. हे सगळं खरं आहे. पण मांडून झाल्यावर मला बरं वाटलं नाही.

एकदा तुम्ही मला पासिंगच्या मैदानावर घेऊन गेला होता, आठवतं? ट्रकमालकानं मिस्त्रीलाच बरोबर बोलावलं होतं, ऐन वेळी काही बिघडलं तर म्हणून, आणि आई आजारी असल्यामुळं मी तुमच्याबरोबर. तपासणारे साहेब चांगले होते. माझ्या हाताला ग्रीस बघून म्हणाले, "काय गं, तू पण मिस्त्री का?" मला इतका अभिमान वाटला. मी म्हणाले, "मी बॅटरी धरते. काल आमी स्क्रू फिरवला, आन् उद्या परत फिरवणार हाय." ट्रकमालकाचा चेहरा पांढरा पडला. तुम्ही टोपी काढून परत घातली. आणि साहेब हसले. पोट धरून हसले, कागदावर सही केली आणि तुम्हाला म्हणाले, "मिस्त्री, पोरगी हुशार हाय. हिला शिकवा." तेवढंच. तुम्ही मला मारलं नाही. परत येताना सायकलच्या नळीवर मला पुढं बसवलं होतं, तुमचा श्वास माझ्या डोक्यावर लागत होता, आणि तुम्ही हळू म्हणालात, "खरं बोलायचं ते घरात. मैदानावर इचारल्याबिगर बोलायचं न्हाय, आन् इचारलं तर निम्मं बोलायचं." मग सात रस्त्याच्या चौकात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर थांबून तुम्ही मला एक जाड पुस्तक घेऊन दिलंत, पुट्ठा नसलेलं. आपल्या घरात आलेलं ते पहिलं पुस्तक. पुढं दोनच वर्षांनी तुम्ही माझी शाळा सोडवलीत, पण त्या पुस्तकावर मी वाचायला लागले ती आजवर थांबले नाही. माझ्याजवळ जे काही शहाणपण आहे ते तिथून सुरू झालं. ते पुस्तक बक्षीस होतं की तोंड बंद ठेवायची बिदागी, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्ही असेल तर मग मला जास्तच राग येतो.

आणि शेवटचा तो खोकला. तुम्ही मोरीत रॉकेल आणि लाकडाच्या भुश्यानं कोपरापर्यंत हात घासायचा, तरी नखं काळी ती काळीच. ताटावर बसायचा, भाकरीचा तुकडा मोडायचा आणि खोकल्याची उबळ आली की ताट बाजूला सारायचा. आई पाणी घेऊन उभी. शेवटी तर रुमालात काळं पडायचं. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, "किती बिड्या ओढायचे?" मी म्हणाले, एकही नाही. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्यांना ते खोटं वाटलं हे मला दिसलं. आयुष्यभर बिडीला हात न लावलेला माणूस बिडीवाला म्हणून मेला. ज्या धुराला तुम्ही दर पासिंगला एक दिवस गप करून परत मोकळा सोडत होता, तो आधी तुमच्याच छातीत गेला, शेडला खिडकी नव्हती म्हणून. तुमच्यानंतर तो कुणाकुणाच्या छातीत गेला, त्याची नावं कुणालाच माहीत नाहीत. त्यांच्या डॉक्टरांनीही त्यांना बिड्याच विचारल्या असतील.

आता गाडीचं सांगते. पोरगा पुण्यात असतो, मला चालवता येत नाही, गाडी दारात उभी राहून खराब होत होती. विकायचं ठरलं. जवळच्या मंद्रूप गावचा एक माणूस बघायला आला, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं तिथं. बरोबर बायको. दोघं चांगली, बोलकी. मी आठ दिवस आधीच मनाशी एक गोष्ट पक्की केली होती, की येईल त्याला सगळं खरं सांगायचं, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि स्वतःच म्हणाला, "काकू, एक इचारू? कंपनीचं ते सॉफ्टवेअरचं पत्र आलं हुतं न्हवं? ते काम करून घेतलंय काय?"

"नाही घेतलं," मी म्हणाले. "बसा. का नाही घेतलं ते सांगते."

मी सगळं सांगितलं. रूळ, स्टेअरिंग, तो न दिसणारा वायू, कागदावर एक आणि रस्त्यावर एक. त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं, आता उठतात.

"लई बेस झालं की काकू!" तो म्हणाला. "म्हंजी कुणी हात लावलाच न्हाय तिला? आवो, दोन गाड्या बघून सोडल्या मी त्याच्यापायी. काम केलेली गाडी वढत न्हाय. मला न केलेलीच पायजे हुती."

"पण तो वायू—"

तो खाली वाकला आणि वासराच्या तोंडात बघावं तसं गाडीच्या नळीत बघून आला. "कुटं दिसतोय काकू?"

बायको म्हणाली, "आमच्याकडं ऊस तुटल्यावर पाचट पेटवत्यात, तवा कोन मीटर घिऊन येतंय? त्या कंपनीवाल्याला म्हनावं, एक दिवस आमच्या चुलीम्होरं येऊन बस. मग मोज काय मोजायचं ते."

आणि मी हसले, अण्णा. खरोखर हसू आलं मला. त्या हसण्याची नंतर इतकी लाज वाटली, की त्यांना चहा देताना मी त्यांच्याकडं बघू शकले नाही. त्यानं लगेच काही रक्कम पुढं केली. मी म्हणाले, दोन दिवस थांबा, कागदपत्रं शोधायची आहेत. पोराला फोन केला तर तो म्हणाला, "आई, तू त्याला सांगितलंस. त्याला चालतंय. विषय संपला." सगळ्यांचं म्हणणं तेच, की मी खरं बोलले, माझं काम झालं. पण मी खरं बोलल्यानं त्या नळीतून येणारं काहीच कमी झालं नव्हतं. उलट माझ्या खरेपणानं गाडीचा भाव वाढला होता. तपासणारे साहेब हसले, हा हसला, मी हसले. ज्याला त्याला माहीत आहे आणि कुणाचंच काही अडत नाही. मग खरं कुणासाठी बोलायचं? त्या रात्री मी नीट झोपले, असं नाही की तळमळत राहिले. सकाळी उठले तेव्हा ठरलेलं होतं.

पलीकडच्या गल्लीतला एक ड्रायव्हर बोलावला आणि गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. इतक्या वर्षांनी करतील की नाही अशी शंका होती. काउंटरवरच्या मुलीनं गाडीचा नंबर टाकला आणि म्हणाली, "हो, तुमचं काम बाकी दाखवतंय. इतकी वर्षं का नाही आलात, काकू?" मी म्हणाले, मालकाला लाज वाटत होती. तिला ते कळलं नाही. स्टेअरिंगच्या खाली एक वायर जोडली, लॅपटॉपवर एक निळी पट्टी हळूहळू भरत गेली. मी मुद्दाम शेजारी उभी राहून बघितलं. कुणाचं बोटसुद्धा काळं झालं नाही. मग तिनं बॉनेट उघडून आतल्या बाजूला एक पांढरं स्टिकर चिकटवलं, काम पूर्ण झाल्याचं, आणि मला पावती दिली. घरी आल्यावर मी गरम पाण्यात फडका बुडवला, तो त्या स्टिकरवर दाबून धरला आणि नखानं ते सोलून काढलं. डिंक राहिला होता तो खोबरेल तेलानं पुसला.

दोन दिवसांनी तो मंद्रूपचा माणूस आला. बॉनेट उघडून मोबाईलच्या उजेडात आत बघितलं, काही दिसलं नाही, खूश झाला. पेढे घेऊन आला होता. न केलेल्या गाडीची किंमत त्यानं दिली आणि मी घेतली. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, तेव्हा तुमच्या जावयांची आठवण येईल असं वाटलं होतं, आणि आलीच. पण डोळ्यांत पाणी आलं नाही. मला कुणाचीतरी जिरवल्यासारखं वाटत होतं. कंपनीची नाही, तिला काय फरक पडतो. त्या बिचाऱ्या माणसाचीही नाही. तुमची, अण्णा. मंद्रूपच्या हवेची मला काळजी होती असं मी म्हणू शकते, आणि थोडी होतीही. पण त्याहून जास्त मला एकदा तो स्क्रू अर्धा आटा आत फिरवायचा होता आणि परत उलटा फिरू द्यायचा नव्हता.

त्या पावतीबरोबर हे कागदही माझ्या साड्यांच्या खाली राहतील. पोराच्या हाताला लागले तर माझ्यानंतर लागतील.

परवा त्या मंद्रूपच्या माणसाचा फोन आला. "काकू, गाडी जरा जड वाटतीया. बघितली त्या दिवशी अशी नव्हती. मधी काय केलं न्हाई न्हवं तुम्ही?" मी म्हणाले, न्हाई बाबा. "मग असू दे. जुनी गाडी हाय, चालायचंच. पर हितं एक जण हाय, लॅपटॉप लावून जुनं सॉफ्टवेअर परत घालून देतो म्हनतोय. घालू का?" मी क्षणभरही थांबले नाही. म्हणाले, अजिबात नको. या इंजिनाला तसलं सोसत नाही, सगळं इंजिन खोलायचं काम निघेल. माझे वडील डिझेलचे मिस्त्री होते, मोठा हात होता त्यांचा, मला माहीत आहे. "व्हय का?" तो म्हणाला. "मग ऱ्हाऊ दे. बरं झालं तुम्हाला इचारलं."

इंजिनाचं काम निघत नसावं, अण्णा. निघतं की नाही, मला त्यातलं काहीच माहीत नाही. तुमचं नाव मी त्याला भीती घालायला वापरलं, आणि त्यानं ते लगेच ऐकलं.